रुजू झाल्याची तारीख

योगेंद्र साहेबांनी ऑफिसातल्या वैशालीला चार वाजेपर्यंतची मुदत दिली होती. उधन्याच्या त्या डाईंग मिलमध्ये नवी संगणक प्रणाली आली होती आणि अठराशे कामगारांच्या जुन्या नोंदी तिच्यात न्यायच्या होत्या. रस्ते दोन. एक, सगळ्या नोंदींची एकच फाईल करून एका दमात आत ओतायची. दहा मिनिटांचं काम, कोणी काही विचारत नाही. दुसरा, एकेक नोंद पायऱ्यांनी चढवायची: कामगाराने समोर बसून आधार कार्ड दाखवायचं, मुकादमाने ओळख पटवायची, मग साहेबांनी मंजुरी द्यायची. साहेबांना अर्थातच दहा मिनिटांचं काम आवडलं होतं. पण प्रशिक्षण वैशालीने घेतलेलं, आणि उद्या काही बिघडलं तर बोट दाखवायला कोणीतरी हवंच, म्हणून सही तिची.

पंधरा दिवसांपूर्वी ती पायऱ्यांच्या बाजूने साहेबांशी भांडली होती. दिवाळीआधी बॉयलरजवळ एक जण भाजला, तेव्हा त्याच्या नोंदीतला फोन दुसऱ्याच घरचा निघाला. बायकोला तिसऱ्या दिवशी कळलं. फाईल ओतली तर जुनी घाण नव्या भांड्यात, असं तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तेव्हा तिने यादी उघडून पाहिली नव्हती, आणि आपल्या घरचं नाव तिच्यात असेल हे मनातही आलं नव्हतं. आज पाहिली, आणि चारशे बाराव्या नोंदीवर तिचा हात थांबला. काशिनाथ, जेट मशीन, पहिली पाळी. त्या नावाने कापड रंगवायच्या त्या मशीनवर उभा राहणारा माणूस तिचा बाप होता, आणि बापाचं नाव उखा.

काशिनाथ थोरला भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी तो आजारी पडून पारोळ्याकडे गावी गेला आणि त्याची जागा जाऊ नये म्हणून उखा त्याच्या कार्डावर कामाला लागला. महिनाभराची बदली. त्यांच्या लिंबायत वस्तीत असं भावाच्या नावावर राबणारं कोणी ना कोणी गल्लोगल्ली सापडतं. मिललाही हात हवे होते, नावाशी तिला काय कर्तव्य! काशिनाथ परत आलाच नाही, तीन वर्षांपूर्वी गावीच वारला. वैशालीच्या कागदांवर मात्र बापाचं नाव उखा, म्हणून घरी आबा म्हणणारी ती फाटकाच्या आत बापाला काका म्हणे. सुरुवातीला दोघांना हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

फाईल ओतली तर मेलेला काशिनाथ बिनबोभाट कामावर राहणार. पायऱ्या धरल्या तर आबा पहिल्याच पायरीवर सापडणार, आणि एक्कावन्नाव्या वर्षी फाटकाबाहेर.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला नळाजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने डबा बंद केला.

"तुले काय वाटस?"

"उद्या मशीनवर तुम्हाला काही झालं तर कागदावर काशिनाथकाका मरेल," ती म्हणाली. "तो तर आधीच मेलाय. आम्ही कुणासाठी रडायला यायचं?"

त्याने नळाखाली हात धुतले. "एकोणीस वरीस व्हयनात, मिलमा मना नावनी हाक कोनी मारी नही. तू तुनं काम नीट कर."

ही परवानगी होती की तक्रार, तिला कळेना. ती वर ऑफिसात आली आणि चार वाजता पायऱ्यांच्या बाजूने सही केली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी चारशे बारावा नंबर लागला. शेजारी मुकादम मगन बसला होता. वैशालीने नाव विचारलं.

"उखा," आबा म्हणाला.

मगनने पडद्यावरचं काशिनाथचं नाव पाहिलं. जेट मशीन तो याच माणसाकडून शिकला होता. मुकादमाच्या पायरीवर शेऱ्यासाठी एक चौकट असते. ओतलेल्या फाईलला ती नसते. त्या चौकटीत मगनने वैशालीला लिहायला लावलं की हाच माणूस एकोणीस वर्षं या मशीनवर आहे, मी रोज पाहतो.

साहेबांनी दोन दिवस लावले. उखाला काढलं नाही. काशिनाथची नोंद मयत म्हणून बंद झाली आणि उखाची नवी उघडली. रुजू झाल्याची तारीख मात्र त्याच दिवसाची. वैशाली मगनचा शेरा घेऊन भांडायला गेली. शेऱ्याने माणूस सिद्ध होतो, वर्षं होत नाहीत, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरी फाईल ओढली. बापाला त्याचं नाव मिळवून देताना तिने त्याची एकोणीस वर्षं मेलेल्या भावाच्या नावावर सोडून दिली होती. तिला स्वतःचा संताप आला.

नव्या कामगाराने तीन महिने दंडावर पिवळी पट्टी बांधायची आणि मुकादमाच्या हाताखाली मशीन शिकायचं, असा मिलचा नियम. सकाळी वैशाली खात्यात उतरली तेव्हा मगन पट्टी घेऊन खाली मान घालून उभा होता. त्याच्याने ती बांधवेना. उखाने त्याच्या हातून ती घेतली आणि लेकीपुढे दंड केला.

"बांध," तो म्हणाला. "आज मना पहिला दिवस शे."

"हात जरा वर करा, आबा," वैशाली म्हणाली. सगळ्या खात्यासमोर तिने गाठ मारली.