सरांनी खेळाचा अभ्यास केला

एक तारखेला आमच्या घरात दोन प्रश्न आले. पहिला माझा. मी ज्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करते, तिची नवी शाखा दुसऱ्या शहरात निघणार होती आणि ती मी सांभाळावी असं पत्र मला मिळालं होतं. दुसरा प्रश्न नवऱ्याचा. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी खेळलेला एक व्हिडिओ गेम कंपनीने झाडूनपुसून पुन्हा बाजारात आणला होता, आणि तो घेण्याच्या लायकीचा आहे का, हे त्यांना ठरवायचं होतं. या दोन प्रश्नांपैकी एकासाठी घरात नवी कोरी फाइल आली. ती माझ्या प्रश्नासाठी नव्हती.

नवऱ्याला सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. ज्या शाळेत ते शिकले त्याच शाळेत शिक्षक झाले आणि आता तिथेच पर्यवेक्षक आहेत. कोण उशिरा आलं, कोण जिन्यात रेंगाळलं, हे पाहत फिरायचं काम. वयाच्या सहाव्या वर्षी ते त्या इमारतीत शिरले. कॉलेजची मधली वर्षं सोडली तर अजून बाहेर आलेले नाहीत. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाहीत, ताट उचलून ठेवतात, माझ्या माहेरच्यांशी नीट बोलतात. फक्त काही ठरवायचं म्हटलं की त्यांचं घोडं अडतं. छताचा पंखा घ्यायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. फोनचा अभ्यास पूर्ण झाला तोवर कंपनीने ते मॉडेलच बंद केलं होतं. तरी सर खूश, कारण आता त्याच्याहून नवं येऊन आपण फसायची भीती उरली नव्हती. मूल कधी, हा विषयही आमच्याकडे 'जरा थांबू' म्हणत म्हणत भिजत पडला, आणि शेवटी माझ्या वयानेच तो निकालात काढला. त्यावरून आम्ही कधी भांडलोही नाही. कुणी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

माझ्या कामात हे चालत नाही. नळीतलं रक्त कुणाच्या विचारासाठी थांबत नाही. वेळेत तपासलं नाही तर नमुना वाया जातो, मग त्या माणसाला पुन्हा बोलवा, पुन्हा सुई टोचा आणि वर त्याची बोलणी खा. म्हणून मी पत्र आल्या दिवशी संध्याकाळीच चहाबरोबर सरांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. खिशातून पेन्सिल काढून एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली.

"छान आहे," ते म्हणाले. "उत्तर कधी द्यायचंय?"

"वीस तारखेला. सोमवारी सकाळी."

"मग भरपूर वेळ आहे. बघू."

मला त्यांची परवानगी नको होती. 'जा', 'जाऊ नकोस', 'मीही येतो', यातलं काहीही मला चाललं असतं. अठरा वर्षं ज्याच्याशी संसार केला त्या माणसाला माझ्या जाण्या-न जाण्याचं काय वाटतं, एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हते आणि नाहीही म्हणणार नव्हते.

आता त्या गेमबद्दल. माझा धाकटा भाऊ गेम्सच्या दुकानात काम करतो, त्यामुळे मला थोडंफार कळतं. एक वांड मुलगा नव्या निवासी शाळेत येतो आणि मग तुम्ही त्याला घेऊन वाट्टेल तिकडे भटकता. याला ओपन वर्ल्ड म्हणतात. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी धाकटा ट्रेनिंगला गेला तेव्हा त्याचं गेम खेळायचं मशीन आमच्याकडे ठेवून गेला होता. तो अख्खा पावसाळा सर खऱ्या शाळेतून यायचे, कपडे बदलायचे आणि खेळातल्या शाळेत जायचे. एकटेच खुदखुदायचे. त्यांना इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही. म्हणून तो गेम पुन्हा आलाय म्हटल्यावर मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"घ्या की," मी म्हणाले.

"घाई करून चालत नाही," सर म्हणाले, आणि कामाला लागले.

शाळेतून आले की ते कानाला हेडफोन लावून व्हिडिओ बघायला बसत. त्यात विशीतली पोरं हातवारे करून सांगत, घ्या, घेऊ नका, थांबा. जुन्या गेममध्ये मुलाचे केस डोक्यावर लिंपल्यासारखे दिसायचे, नव्यात ते वाऱ्यावर हलतात. त्या केसांवर आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. एकाचं म्हणणं, कंपनीने जुन्याच भिंतीला रंग मारून लोकांना गंडवलंय. दुसऱ्याने शाळेच्या खिडक्या मोजल्या होत्या आणि दोन कमी भरल्या म्हणून तो जवळजवळ रडत होता. सर दोघांचंही लिहून घेत. फाइलीत डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली तळटिपा. दहावीच्या निकालाचाही त्यांनी कधी इतका कीस पाडला नसेल.

रोज एक फोन धाकट्याला. भिंतीत पाय अडकायचा तो दोष काढला का? हो दाजी. पूर्ण काढला की थोडा ठेवला? घंटेचा आवाज तोच आहे की बदलला? धाकटा शेवटी मला म्हणाला, "ताई, लोक घर घेताना एवढं विचारत नाहीत गं. दाजी खरंच घेणार आहेत का?"

"तुझ्या हयातीत घेतील," मी म्हटलं.

नवव्या दिवशी मी सरांना विचारलं, माझ्या पत्राचं काय. "डोक्यात आहे," ते म्हणाले. चौदाव्या दिवशी पुन्हा विचारलं. त्यांनी व्हिडिओ थांबवला, ही त्यांच्या मते मोठीच सवलत होती, आणि म्हणाले, "त्या शहरातलं पाणी कसं आहे ते बघावं लागेल." पाण्याची माहिती त्यांनी अजूनही काढलेली नाही. मीही मग मूग गिळून बसले. आपण का बसलोय, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

अठराव्या दिवशी, शनिवारी, धाकट्याचा संयम सुटला. तो दुकानातलं दाखवायचं मशीन, वायरी आणि तो गेम असं सगळं पिशवीत घालून आला. "दाजी, उद्यापर्यंत खेळा आणि एकदाचं सांगून टाका," म्हणाला. माझी शनिवारी अर्धी पाळी असते. मी दुपारी घरी आले तेव्हा सर टीव्हीसमोर खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत बसतात तसेच, आणि धाकटा सोफ्यावर आडवा होऊन त्यांच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा काहीतरी विचित्र झाला होता.

"सकाळपासून वर्गात बसलेत," तो मला हळूच म्हणाला.

पडद्यावर खरंच वर्ग चालला होता. घंटा झाली. सरांचा मुलगा उठला, रांगेच्या डाव्या बाजूने चालत दुसऱ्या वर्गात गेला आणि पहिल्या बाकावर बसला. शिस्त राखणारे मॉनिटर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. तास संपला, घंटा झाली, मुलगा पुढच्या तासाला गेला. केस तेवढे छान हलत होते.

"दाजी, आता बाहेर जा की," धाकटा म्हणाला.

"कुठे बाहेर?"

"फाटकाबाहेर. गावात."

"ते नुसतं चित्र आहे," सर म्हणाले. "मी नोंद केली आहे." आणि त्यांनी फाइल पुढे केली. दोषांच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बाहेरचं गाव केवळ देखाव्यापुरतं. जाता येत नाही. दोन गुण वजा.

धाकटा उठून बसला. "चित्र नाही ते. सगळा खेळ तिकडेच आहे."

"परवानगी कधी मिळते?"

"कसली परवानगी?"

"पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक सांगतात, परवानगीशिवाय फाटक ओलांडायचं नाही," सर म्हणाले. "मी वाट बघतोय. अजून कुणी दिलेली नाही."

"दाजी, ते आपण मोडावं म्हणून सांगतात." धाकट्याला मग एक शंका आली. "सतरा वर्षांपूर्वी तुम्ही तो गेम पूर्ण केला म्हणाला होतात."

"केला होता. शंभर टक्के हजेरीचं पदक मिळालं. तिथे संपतो."

"असं पदक आहे?" धाकटा म्हणाला. "मी नऊ वर्षं हा गेम विकतोय. मला माहीत नव्हतं."

मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले, पर्स अजून खांद्यालाच होती. मग एकदम हसू थांबलं. त्या पावसाळ्यात मी स्वयंपाकघरातून यांचं खुदखुदणं ऐकायचे आणि मला वाटायचं, चला, निदान खेळात तरी हा माणूस गावभर उंडारतोय. आणि हे रांगेत डाव्या बाजूने चालत होते.

"आणा इकडे," मी म्हटलं आणि सरांच्या हातातून ते रिमोटसारखं यंत्र घेतलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते हातात धरत होते. माझा मुलगा आधी खांबावर आपटला, मग कचऱ्याच्या डब्यावर चढला, मग एका शिक्षिकेला धडकून पुढे गेला. मग फाटकातून बाहेर पडला. काहीसुद्धा झालं नाही. बाहेर रस्ता होता, दुकानं होती, कुणाची तरी सायकल भिंतीला टेकवलेली होती. ती मी उचलली आणि उतारावरून नदीपर्यंत गेले. पुलावर उभी राहिले. खाली पाणी हलत होतं.

"तास सुरू झाला," सर मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. "आता पकडतील तुला."

पकडलं. एका धिप्पाड मॉनिटरने कॉलर धरून मला शाळेत आणून सोडलं. मी वळले आणि पुन्हा बाहेर गेले.

"शिक्षा काय असते?" मी धाकट्याला विचारलं.

"हीच. आणून सोडतात."

"एवढीच?"

"एवढीच गं."

मला राग आला. सरांचा आला, पण त्याहून जास्त माझाच आला. अठरा दिवस मी या माणसाच्या तोंडाकडे बघत बसले होते आणि बस म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र सरांच्या हातात परत दिलं, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी राहिले आणि आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"हो," मी म्हणाले. "मी जाते."

"घरी विचारलंत ना?" डॉक्टर म्हणाले.

"विचारलं," मी म्हटलं, आणि यात काही खोटं नव्हतं.

आत येऊन सांगणार होते, पण नाही सांगितलं. त्यांना आणखी एक दिवस दिला. माझा निर्णय झालाय हे माहीत नसताना तरी ते आपणहून काही बोलतात का, हे मला पाहायचं होतं. हो म्हणून झाल्यावरही मला ती आशा होती, याची आता लाज वाटते.

रविवारी सकाळी अकरा वाजता सरांनी मला आणि धाकट्याला समोर बसवून फाइल वाचून दाखवली. चार पानं होती. बाहेरच्या गावाचे दोन गुण परत दिले होते, पण फाटकाबाबतच्या सूचना संदिग्ध आहेत म्हणून एक गुण कापला होता. निष्कर्ष असा की गेम चांगला आहे, घेण्यासारखा आहे, तथापि सध्या घेऊ नये. सहा महिने थांबावं, उरलेले दोष निघतात का पाहावं, आणि मग फेरविचार करावा. 'तथापि' त्यांनी फार छान उच्चारला.

"बरं," धाकटा म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

"आता तुझं पत्र घेऊ," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "मला वाटतं, त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घ्यावी. घाईत..."

"मी काल हो म्हणून कळवलं," मी म्हटलं. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचंय."

धाकट्याने अर्धी गुंडाळलेली वायर तशीच पिशवीत कोंबली. दुकान उघडायचंय म्हणाला, रविवारी त्याचं दुकान बंद असतं, आणि चप्पल हातात घेऊनच जिना उतरला.

सरांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला विचारायचं तरी. मी काही नाही म्हटलं नसतं."

"तीनदा विचारलं."

"हो," ते म्हणाले. "विचारलं होतंस."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते फार थकलेले दिसतात. मला त्यांची दया आली आणि मायाही आली, दोन्ही खरंच आलं. ते माझ्याकडे न बघता बोलले. "मला भीती वाटते. इथे एकट्याने राहायची वाटते, आणि तिकडे यायचीही वाटते. तू जाऊ नयेस असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय."

अठरा वर्षांत इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा हात धरला.

"हे पहिल्या दिवशी बोलला असतात, तर मी राहिले असते," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. त्यांना वाटलं असावं, अजून काही होऊ शकतं. तेव्हा मी उरलेलंही सांगून टाकलं.

"नाही बोललात, ते बरं झालं."