एक नंबर कंडिशनमधली कवळी

मी कवळी बोलतेय. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते. वरची आणि खालची मिळून मी एकच. आमचं आपसात पटलं नाही की त्याला लोक चावणं म्हणतात.

माझा जन्म अंधेरीतल्या एका लॅबमधला. सहदेव परब नावाच्या माणसाच्या तोंडात थंडगार लगदा भरून साचा काढला आणि त्या साच्यावर माझ्या गुलाबी हिरड्या, माझे दात, सगळं बसवलं. ट्रेमध्ये शेजारी आणखी सहा जणी होत्या. ओळखपाळख नाही, तरी सगळ्या हसत होत्या.

सहदेव तेव्हा एकोणसत्तरचा. कांदिवलीला, चारकोपात बैठं घर. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता. मी त्याच्या तोंडात शिरले आणि थक्कच झाले. एवढीशी अंधारी जागा, आणि तिच्यातून काय काय बाहेर पडतं! शिव्या, आरत्या, बांगड्याचे काटे, बायकोचं नाव. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी स्वयंपाकघरात कुणी वाटेत उभं राहिलं की म्हणायचा, "पुढे चला, पुढे चला, इथं काय हळदीकुंकू आहे काय?"

मीही तेव्हा लहान होते, मस्ती करायचे. सुनेच्या, म्हणजे मानसीच्या भावाच्या लग्नात सहदेव नवरदेवाला आशीर्वाद द्यायला वाकला आणि मी सरळ नवरदेवाच्या ओंजळीत उतरले. तो बिचारा मला आहेर समजून "थँक्यू काका" म्हणाला.

मग सहदेवची बायको सुगंधा गेली. वर्षभराने तो बाथरूममध्ये घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला.

आता तुम्हाला वाटेल, मुलाने टाकलं, सुनेने छळलं. नाही हो. हर्षद आणि मानसी दोघं चांगली आहेत, तोच तर घोळ झाला. सहदेव दूध आणायचा, ते हर्षदने ॲपवर लावलं. भाजी निवडायचा, मानसी निवडलेली आणायला लागली. गॅसवाल्याशी भांडायचा, तेही ऑनलाइन झालं. "बाबा, तुम्ही फक्त आराम करा." इतक्या प्रेमाने माणसाला घरातून हळूहळू काढून टाकता येतं, हे मी दोन फुटांवरून बघितलं. दोन फूट कसले, आतूनच.

कारण मला आतलं कळतं. घास या गालातून त्या गालात फिरायचा आणि न चावताच खाली जायचा. शब्द माझ्यापर्यंत यायचे, दातांना टेकायचे आणि मागे फिरायचे. रोज तेच वाक्य. ते मी इथं सांगणार नाही. मला एकच भीती होती, हा माणूस कुणाला न सांगता जाणार.

एका सोमवारी त्याने मला काढलं, डबीत ठेवलं आणि परत घातलंच नाही. "हिरड्या दुखतात," म्हणाला. मानसी मऊभात करायला लागली. अशा नऊ दिवसांत त्याने रेडिओ इस्त्रीवाल्याला दिला, चांगली छत्री शेजाऱ्याला दिली, कंडक्टरचा पितळी बिल्ला भाच्याला पाठवून दिला. आख्खी गल्ली म्हणाली, "परबकाकांचं मन मोठं हां!" मी डबीत बोंबलत होते. पण तोंडाशिवाय कवळीला कोण विचारतं?

दहाव्या दिवशी सकाळी अकराला संघमित्रा आली. ती आरोग्य केंद्राची सेविका, दर महिन्याला घरोघरी फिरून म्हाताऱ्यांचं बीपी आणि शुगर बघते आणि एक फॉर्म भरते. घरात सहदेव एकटाच. तिने बीपी घेतलं, फॉर्म काढला, खाली वाकून भराभरा खुणा करायला लागली.

सहदेवने डबी तिच्यापुढे सरकवली.

"ह्या घे गो. कुणा गरजवंताक दे."

तिने डबी उघडली. मी तिच्याकडे बघून हसले. दुसरा इलाजच नव्हता.

"काका! ही तुमची कवळी आहे!"

"मगे? चारच वर्षां वापरलंय. एक नंबर कंडिशन."

"अहो, ती दुसऱ्याला नाही बसत!"

"कशाक नाय? चष्मे घेतत, डोळे घेतत. दातांनी काय पाप केल्यानी?"

संघमित्रा इतकी हसली की पेन खाली पडलं. डोळे पुसत म्हणाली, "धन्य आहात काका. आणि मग तुम्ही उद्यापासून खाणार कशाने?"

सहदेव भिंतीकडे बघत राहिला.

ती अजून हसतच होती. मग हसू तिच्या तोंडावरून असं उतरलं, जसं कुणी हाताने पुसून घ्यावं. तिने माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. रेडिओच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. फॉर्म उलटा केला.

"काका, इथं नववा प्रश्न आहे. तो मी कुणाला विचारतच नाही. सगळ्यांचं 'नाही' मीच लिहून टाकते. तुमचंही आत्ता लिहिलं." तिचा आवाज जरा बारीक झाला. "मोठ्या माणसाला असलं कसं विचारायचं, म्हणून. आणि विचारलं नि त्यामुळेच डोक्यात आलं तर, म्हणून. पण आज विचारते. जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

मला वाटलं, आता छप्पर पडणार. असला प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता. पण पंखा फिरत राहिला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

सहदेव काहीतरी पुटपुटला. नुसती हवा.

"असं नाही," ती म्हणाली. "आधी दात घाला. मला नीट ऐकायचंय."

आणि त्याने मला घातलं! नऊ दिवसांनी! तोंड कोरडं पडलं होतं, जीभ लाकडासारखी झालेली. खालचा जबडा थरथरत होता आणि मी टकटक वाजत होते. आतून ते वाक्य आलं, माझ्यापाशी थांबलं. मी म्हटलं, बाबा रे, मी वाट अडवत नाही, जा तू.

"येता," तो म्हणाला.

एवढंच. मी काजू फोडलेत, मटण चघळलंय, पण त्या एका शब्दाएवढं जड माझ्यावरून कधी काही गेलं नाही.

"रोज येतं?"

"रोज. सकाळी जास्त. हर्षदाक सांगू नको."

"सांगणार. तुमच्यासमोरच सांगणार. आणि तो येईपर्यंत मी इथून हलत नाही."

तिचा फोन गेल्यावर हर्षद मुलुंडच्या ऑफिसातून दीड तासाने धापा टाकत आला. तोवर तिने डॉक्टरांना फोन केला, चहा केला, पुढची अकरा घरं सोडून दिली. हर्षद वॉकरपाशी खालीच बसला. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालस आराम करा. करत होतंय."

हर्षद रडला. मग सहदेवही रडला. पाणी सगळं माझ्यावर. खारट.

त्याच दुपारी डॉक्टरकडे गेले. आता उपचार चालू आहेत. गोळ्या मानसीच्या ताब्यात असतात, घरातल्या काही गोष्टी कुलपात गेल्यात. दूध परत सहदेव आणतो, वॉकर घेऊन. पाव तास लागतो. मानसी दारात उभी राहून ओठ चावते, पण "मी आणते" म्हणत नाही. वाईट दिवस अजून येतात. त्या दिवशी तो तसं सांगतो, माझ्यावरूनच सांगतो.

आणि संघमित्रा आता नववा प्रश्न प्रत्येक दारात विचारते. डॉक्टरांनी तिला सांगितलं, विचारल्याने डोक्यात येत नाही, असेल ते बाहेर येतं. आमच्याच गल्लीत आणखी तिघं निघाले. तिघंही कितीतरी दिवस तिच्या कागदावर 'नाही' होते.

म्हणून तुमच्या घरच्या म्हाताऱ्या तोंडाकडे जरा बघा. खाणं सुटलं, बोलणं सुटलं, एकाएकी वस्तू वाटायला लागलं, तर नुसतं मोठ्या मनाचं कौतुक करून निघू नका. सरळ विचारा, आणि उत्तर ऐकायला बसा. तुमच्याच मनात तसलं येत असेल तर घरात कुणाला तरी सांगा, नाहीतर १४४१६ ला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात, दात नसले तरी चालतं.

माझं म्हणाल तर माझे दिवस भरलेत. सहदेवच्या हिरड्या झिजल्यात, मी सैल पडले. गेल्या शनिवारी दातांच्या डॉक्टरने मला हातात घेऊन सांगितलं, "ही आता बाद. नवीन करू. पण तीन आठवडे लागतील, परबकाका. तोवर थांबाल ना?"

मी डॉक्टरच्या हातात होते, त्यामुळे उत्तर माझ्याशिवायच आलं. बोबडं होतं, पण सगळ्यांना कळलं.

"थांबतंय मी. माका घाई नाय."