काचेखालचे खळगे

‘शांतता ही विचाराची जननी आहे,’ असं थोर विचारवंतांनी लिहून ठेवलं आहे. हे वाक्य कागदावर उतरत होतं तेव्हा शेजारी ट्रंपेट वाजत होतं, एवढीच काय ती अडचण.

वाजवणारे गृहस्थ अग्निशमन दलाच्या बँडात होते. दोन घरांना भिंत एकच. सकाळी अलीकडे विचार सुरू व्हायचा आणि पलीकडे सराव. मग भिंतीवर ठक ठक ठक. ट्रंपेटवाले थांबायचे, नळीतली थुंकी झटकायचे आणि दुप्पट जोरानं सुरू व्हायचे. सगळी उमेद यातच गेली. पुढे विचारवंत वारले, त्यांची पत्नी लेकीकडे राहायला गेली, घराचं संग्रहालय झालं आणि निवृत्त ट्रंपेटवाले भेटेल त्याला सांगत सुटले, “शांततेवरचा तो जाडजूड ग्रंथ आहे ना, तो माझ्यावरच्या रागातून झालाय. मी नसतो तर हा माणूस कचेरीत जांभया देत म्हातारा झाला असता.”

लोक ऐकून घेत. पटत कुणालाच नसे. घरची सूनसुद्धा “हो बाबा” म्हणून कणीक मळायला निघून जाई. तो ‘हो बाबा’ त्यांना फार झोंबायचा. त्यांना बाकी काही नको होतं. संग्रहालयात कुठेतरी, दाराआड का होईना, शेजाऱ्याचा उल्लेख हवा होता. तेवढा झाला की सुनेला बखोटीला धरून नेऊन दाखवायचा.

म्हणून एका सकाळी त्यांनी बँडाचा जुना कोट चढवला. पितळी बटणं पोटाला दाद देईनात, तेव्हा कोट उघडाच ठेवून ते शेजारी गेले.

व्यवस्थापक पाहुण्यांना घर दाखवत होते. ते इतकं हळू बोलत, की आतल्या खोलीत कुणीतरी अत्यवस्थ आहे असं वाटावं. पाहुण्यांत विचारवंतांची पत्नीही होती. जिथला केर तिनं जन्मभर काढला, तिथं आज ती दोरीच्या अलीकडे उभी होती आणि तिच्या छातीवर ‘अभ्यागत’ असा बिल्ला होता.

अभ्यासिकेतल्या भिंतीवर काच लावलेली होती. काचेखाली गिलाव्यात खळगे. शेजारी खुंटीवर काठी आणि तिच्यावर पाटी: ‘विचारांच्या आवेगात थोर विचारवंत भिंतीवर असे प्रहार करीत.’

“आवेग?” ट्रंपेटवाले ओरडले. “अहो, मला गप्प करायला ठोकायचे ते!”

“आपण कोण?” व्यवस्थापक कुजबुजले.

“मी त्या खळग्यांचं कारण.”

पाहुण्यांत खसखस पिकली.

“काका, या खोलीत संपूर्ण शांतता असायची. त्यावर संशोधन झालंय.”

“संशोधन करणाऱ्यांना शेजारचं घर दिसलं नाही? दार तर उघडंच असतं आमचं! वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना.”

“मी काय सांगणार भावोजी?” वहिनींनी बिल्ल्यावर बोट ठेवलं. “मी पाहुणी. पण मी म्हणते, तोंडाची वाफ कशाला दवडताय? वाजवून दाखवा की.”

“काकू!” व्यवस्थापकांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. मग त्यांनी तो सावरला. “आता आपण डोळे मिटून तीच शांतता अनुभवणार आहोत. आणि काका, आपण जरा बाहेर…” असं म्हणत त्यांनी ट्रंपेटवाल्यांना कोपराला धरून दारापर्यंत पोचवलं.

“अनुभवा,” उंबऱ्यावरून ट्रंपेटवाले म्हणाले. “कशी अनुभवता तेच बघतो!”

घरी येऊन त्यांनी कपाटावरची पेटी काढली.

“बाबा, डॉक्टरांनी दम लागेल असं काही करायचं नाही म्हणून सांगितलंय,” सून म्हणाली.

“डॉक्टरांना म्हणावं, इथं इतिहासाचा प्रश्न आहे.”

“हो बाबा.”

त्या ‘हो बाबा’नं उरलीसुरली कसर भरून काढली. भिंतीला तोंड करून, गाल फुगवून त्यांनी संचलनाची जुनी धून अशी काही फुंकली की फळीवरचे डबे थरथरले. तिसऱ्या ओळीत सूर नेहमीप्रमाणे घसरला. त्यांनी तो तसाच दामटून पुढे नेला. पलीकडून कुणीतरी “बंद करा” म्हणालं. ते थांबले नाहीत. आता पोलीस येवोत नाहीतर त्यांचंच अग्निशमन दल येवो!

आणि मग भिंतीवर आलं: ठक ठक ठक.

ट्रंपेटवाल्यांच्या अंगावर काटा आला. तोच ठेका, तोच राग. ते खिडकीशी धावले. शेजारच्या खिडकीतून वहिनी वाकल्या होत्या. हातात ती खुंटीवरची काठी.

“वहिनी! हुबेहूब त्यांच्यासारखं ठोकलंत!”

“त्यांच्यासारखं? अहो, ते कानात कापसाचे बोळे घालून बसायचे. घर पेटलं असतं तरी कळलं नसतं. ठोकायची मी. हातातलं लाटणं घेऊन यायची स्वयंपाकघरातून.”

ट्रंपेटवाल्यांच्या हातातलं ट्रंपेट खाली आलं. “म्हणजे तो ग्रंथ… माझ्यामुळे नाही?”

“कापसामुळे.”

ट्रंपेटवाले खिडकीतून मागे वळले.

“तुम्ही होतात म्हणून मला भांडायला कुणीतरी होतं,” वहिनी म्हणाल्या. “तिसरी ओळ तेव्हाही चुकायचात, आजही चुकलात. आणि ह्या संग्रहालयवाल्यांनी माझे खळगे काचेखाली घालून वर नाव लावलंय त्यांचं! ते काही नाही. पाटी बदलेपर्यंत तुम्ही वाजवायचं, मी ठोकायचं.”

“आणि पाटीवर शेजारी?”

“येईल की. लाटणं आलं की शेजारी आलाच.”

ट्रंपेटवाल्यांची छाती पुन्हा फुगली. बटण लावलेलं असतं तर तुटलंच असतं. मागून सून विचारत होती, “बाबा, खरंच तुमच्यावर ठोकायच्या त्या?” तिच्या तोंडी प्रथमच प्रश्न आला होता. तिकडे वहिनींच्या पाठीमागे व्यवस्थापक हात जोडून उभे होते आणि पाहुणे डोळे उघडे ठेवून, दोरी ओलांडून खिडकीशी गर्दी करत होते.

“वाजवू?” त्यांनी ट्रंपेट ओठांना लावत विचारलं.

“थांबा,” वहिनी मनगट चोळत म्हणाल्या. “या काठीनं हात भरून येतो हो. सूनबाईंना म्हणावं, मोकळं असेल तर लाटणं द्या जरा.”