पातेल्यावरचं नाव

"आई, हात थोडे पुढे घे. सावली पडतेय," किरण म्हणाली, तशी मंजुळाबाईने हात पुढे केले आणि तोंड आणखी मागे नेलं. पिठाच्या डब्यांवर टेकवलेल्या मोबाइलकडे ती परक्या दारच्या कुत्र्याकडे बघावं तशी बघत होती. बांधलेलं आहे म्हणतात. पण काय सांगावं!

जामनेरातले देवचंदशेठ दुकान बंद करून मुलाकडे सुरतेला निघाले होते. मंजुळाबाईच्या ज्वारीच्या बिबड्या, फडक्यावर थापून वाळवलेले ते पापड, इतकी वर्षं त्यांच्याच बरण्यांतून विकल्या जात. कुणाच्या हातच्या, हे गिऱ्हाइकाने विचारलं नाही, शेठनी सांगितलं नाही. त्या न सांगण्यावरच हिचं घर चाललं होतं. आता गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं. लेक म्हणत होती, ते मोबाइलात असतं. फक्त कुठल्या दारी उभं राहायचं ते ठरवू.

फेसबुकवर नाव-आडनाव लागतं, आणि निम्मं जामनेर तिथेच चकाट्या पिटत बसलेलं. यूट्यूबवर बोलावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातल्या बायका खोदून खोदून विचारतात. इन्स्टाग्रामवर नुसते हात दाखवले तरी भागतं.

"मंग तठेच जाऊ," मंजुळाबाई म्हणाली. "हातले जात नही ऱ्हास." जात असते ती तोंडाला आणि नावाला, हाताला कुठली!

लग्न होऊन आली तेव्हा ती शेजारच्या कॉलनीत बिबड्या थापायला गेली होती. हसत-खिदळत काम चाललं असताना कुणीतरी आडनाव विचारलं, हिने सांगितलं. वाईट शब्द कुणी काढला नाही. चहासुद्धा दिला. फक्त हिच्या बिबड्या वेगळ्या बाजेवर वाळत पडल्या, आणि तिन्हीसांजेला सगळ्या उचलल्या गेल्या तरी त्या बाजेकडे कुणी फिरकलं नाही.

म्हणून किरणने मोबाइल असा वळवला, की भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर व्हिडिओत येऊ नये. वळवल्यावर मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींकडे बघेनात.

हात लोकांना आवडले. धुळ्याच्या सविताताईंनी तर मुलीच्या रुखवतासाठी मोठी ऑर्डर दिली. मंजुळाबाईने पहाटेच चूल पेटवली. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजत आला आणि त्यांचाच मेसेज वाजला. किरणने तो वाचून दाखवला आणि शेवटी तिचा आवाज बारीक झाला.

"ताई, पातेल्यावर सुरवाडे कोरलंय. ते तुमचंच आडनाव का?"

किरणने व्हिडिओ पुन्हा लावला. पातेलं हिलालने, मंजुळाबाईच्या नवऱ्याने, पहिल्या पगारात घेतलेलं. भांडीवाल्यापाशी उभं राहून त्याने बायकोचं अख्खं नाव कोरून घेतलं होतं. तो गेला, पातेलं राहिलं. रोज बघून बघून ती अक्षरं घरात कुणाला दिसेनाशी झाली होती. भिंत झाकली, तोंड झाकलं आणि नाव बरोब्बर मधोमध ठेवलं!

मंजुळाबाईला कॉलनीतली ती वेगळी बाज दिसली.

"काढी टाक," ती म्हणाली. "बठ्ठं काढी टाक."

"सगळे व्हिडिओ काढून टाकते. पण उद्याच्या व्हिडिओला कुठलं पातेलं घेऊ, आई?"

मंजुळाबाईने फळीकडे पाहिलं. डबे, तांबे, परात, जे म्हणून होतं त्यावर हिलालने तेच कोरून ठेवलेलं. हौस म्हणजे काय, ती अशी. चुलीवर घाटा रटरटत होता. तो निवला की बिबडी फाटते. माणसाचं भ्यायचं उरकेपर्यंत तो थांबत नाही. तिने पाण्यात हात बुडवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हो म्हन तिले. माझंच शे म्हन."

किरणने लिहिलं. वाचल्याची खूण लगेच उमटली. उत्तर आलं नाही.

दिवसभर मोबाइल गप्प पडून होता. दर थोड्या वेळाने मंजुळाबाई त्याच्याकडे बघून जायची, पण त्याला हात लावायची तिची छाती झाली नाही. तिन्हीसांजेला तिने आपल्या बाजेवरच्या बिबड्या उचलल्या, फडक्याला चिकटलेली तुटकीसुद्धा. मग पातेलं राखेने घासलं, अक्षरांत बसलेली काजळी काडीने कोरून काढली, आणि फळीवर ठेवताना नाव पुढे केलं.