एकशे वीसची रेघ

सुतारकाम करता करता माझी पस्तीस वर्षं गेली आणि माझी रेघ चुकली असं म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नाही. मापात मी कोणाचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून 'जरा इकडे वाटतंय' म्हणालं की मी टेप त्याच्याच हातात देतो, घे बाबा, तूच मोज. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा अजून जळफळाट होतो. रेघ बरोबर होती आणि तरीही चुकली.

माझ्या ताईची मुलगी दहा वर्षांची. मिरची हे नाव मीच ठेवलंय, आकारामुळे म्हणा, जिभेमुळे म्हणा. दहाव्या वर्षी ती साडेसहा वर्षांच्या पोरीएवढी दिसायची. तिच्या अंगात वाढीसाठी लागणारं काहीतरी कमी पडतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रोज एक इंजेक्शन लिहून दिलं. रोज, मांडीत, निदान दोन वर्षं तरी. सुरुवातीचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. संध्याकाळचे सात वाजत आले की मिरची पलंगाखाली. मग दाजींनी पाय ओढायचे, ताईने हात धरायचे आणि मी बाहेरच्या खोलीत उगाच टीव्हीचा आवाज मोठा करायचा. माझ्यात तेवढाच दम.

त्याच सुमारास तिच्या वर्गातली एक मुलगी परदेशातलं ते मोठं थीम पार्क बघून आली. फोटो आणले, आणि आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. त्या पार्कमध्ये म्हणे एक बर्फाचा डोंगर आहे. डोंगराच्या पोटातून अंधारात एक छोटी रेल्वे वर वर जाते आणि टोकावरून धाडकन खाली सुटते. त्या रेल्वेत बसायला उंची किमान एकशे वीस सेंटिमीटर लागते. गेटवर माणूस दांडी घेऊन उभा असतो.

"छोट्या पोरांच्या त्या कपाच्या पाळण्यात बसून गोल गोल फिरायला मी येणार नाही," मिरचीने आधीच सांगून टाकलं. "जायचं तर डोंगरात."

दाजी म्हणाले, "ज्या दिवशी एकशे वीस होशील, त्या दिवशी तिकिटं काढतो."

त्या संध्याकाळपासून पोरगी पलंगाखाली गेली नाही. दात-ओठ खाऊन बसायची, पण बसायची.

मग मी माझं शहाणपण पाजळलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ताई पेन्सिलीने तिची उंची लिहायची, वेड्यावाकड्या खुणांनी. म्हटलं, हे काय माप झालं? जमिनीपासून टेप लावला, काटकोनाचा गुण्या धरला आणि पटाशीने चौकटीवर शंभरपासून एकशे तीसपर्यंत सेंटिमीटर कोरून काढले. एकशे वीसवर लाल रंगाची रेघ मारली. दर महिन्याच्या एक तारखेला मी जायचो, तिच्या डोक्यावर गुण्या ठेवायचो आणि आकडा वाचायचो. एकशे सतरा पूर्णांक चार. मग पाच. लाल रेघ अडीच सेंटिमीटर वर होती आणि मिरची माझ्याकडे असं बघायची की जणू मीच ती मुद्दाम उंच मारलीय.

दाजी लादी बसवतात. लोकांची घरं आरशासारखी करतील, स्वतःच्या घरात मात्र फुटक्या लादीवर ताईचे पाय कापायचे. त्यावरून ताईने किती वर्षं तोंड वाजवलं असेल! शेवटी त्या उन्हाळ्यात एका ऑफिसच्या कामातल्या करड्या लाद्या उरल्या आणि मालकाने त्या दाजींना देऊन टाकल्या. जुनी लादी उखडायची म्हणजे आठवडाभर धूळ, आणि घरात आजारी पोर. म्हणून त्यांनी जुनीच्या वर नवी बसवली. काम असं केलं की मधोमध गोटी ठेवली तरी हलणार नाही. मी स्वतः ठेवून पाहिली. दारं खाली घासायला लागली, तेव्हा मी चारही दारं उतरवून खालून कापली, रंधा मारला आणि परत चढवली. आम्ही दोघं चहा पीत त्या जमिनीकडे बघत बसलो होतो. दोघंही फुशारलेले.

त्या गडबडीत एक तारीख हुकली. पुढच्या महिन्यात मिरची चौकटीला पाठ लावून उभी राहिली, मी गुण्या ठेवला आणि बघतो तर काय, नेमका लाल रेघेवर! पुन्हा ठेवला, टाचा खाली आहेत का ते वाकून पाहिलं. टाचा जमिनीला टेकलेल्या, केस दाबलेले. एकशे वीस.

घरात जो काय दंगा झाला! दाजींनी तिला खांद्यावर घेतलं, मी टाळ्या पिटल्या. मिरची किंचाळत होती, "औषध लागू पडलं! औषध लागू पडलं!" ताई तेवढी आत निघून गेली. मला वाटलं, आनंदाने रडायला गेली असेल.

त्या दिवसापासून मिरची सात वाजता स्वतः फ्रिजमधून इंजेक्शन आणून द्यायची, मांडी पुढे करायची आणि वर बापालाच दटावायची, "बाबा, घाबरायचं नाही!" पुढचे काही महिने गुण्या लाल रेघेच्या वर काही गेला नाही. आम्ही म्हटलं, पोरीने एवढी उडी मारली, आता जरा दम खातेय. डॉक्टरांचं बोलावणं सहलीहून आल्यावरचं होतं.

हिवाळा ठरला, कारण तेव्हा तिथे गर्दी कमी आणि इकडे दाजींची कामं थंड. चार तिकिटं. मला म्हाताऱ्याला कशाला नेताय, म्हणून मी खूप ताणून धरलं, पण मिरचीला डोंगरात शेजारी मामाच हवा होता. पार्कच्या फॉर्ममध्ये मुलांची उंची भरायची होती. तो आकडा तिने स्वतः भरला, एका बोटाने, आणि मग सगळ्यांना बोलावून दाखवला. पार्कचा नकाशा छापून आणला होता. त्यावर पट्टी ठेवून ती मला शिकवायची, "मामा, ऐक. गेट उघडलं की कोणाकडे बघायचं नाही. डावीकडे, पुलावरून सरळ. दुकानात शिरलास तर मी तुला सोडून जाईन." फ्रिजवर यादी चिकटवली होती. चार कानटोप्या, मोजे, मामाचं ब्लडप्रेशरचं औषध.

निघायला बारा दिवस राहिले असतील. मी माझ्या कारखान्यात होतो. कामाच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, पाचर मारायला फळीचा तुकडा हवा होता. मी कधी काही टाकून देत नाही, त्यावरून लोक हसतात, हसू देत. कोपऱ्यातल्या ढिगात हात घातला आणि एक लांब पट्टी हाताला लागली. एका अंगाला पांढरा ऑइलपेंट. ताईच्या दाराची. उन्हाळ्यात कापलेली.

मी ती पट्टी पायाखाली सरकवायला खाली वाकलो आणि तसाच थांबलो.

दार एवढं कापावं लागलं, कारण जमीन एवढी वर आली. जमीन वर आली, पण चौकट जागची हलली नाही. माझी रेघ चौकटीवर होती.

कपाळ माझं! पस्तीस वर्षांचा सुतार आणि वीस वर्षांचा लादीवाला. एकाने जमीन उचलली, दुसऱ्याने त्यासाठी दारं कापली, आणि दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात हे शिरलं नाही. दुसरं कोणतंही घर असतं तर पोरीला भिंतीला उभं करून टेप लावला असता. आमच्याकडे माझी कोरीव पट्टी होती ना! मग टेपला विचारतंय कोण?

तसाच उठलो आणि ताईकडे गेलो. दुपारची वेळ. ताई कपड्यांना इस्त्री करत होती, मिरची शाळेत. मी सरळ चौकटीपाशी बसलो आणि नव्या लादीपासून लाल रेघेपर्यंत टेप धरला. एकशे सतरा पूर्णांक आठ.

इतक्या महिन्यांत पोरगी तीन मिलिमीटर वाढली होती. बाकीची सगळी वाढ दाजींच्या लादीची.

"ताई," मी म्हणालो आणि टेप तसाच रेघेवर धरून ठेवला.

तिने इस्त्री उभी केली. "कळलं तुला?" एवढंच म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"लादीचं नव्हतं ठाऊक. पण गेल्या हिवाळ्यातला कोट तिला अजून बरोबर होतोय. बाही एवढीशीसुद्धा वर गेली नाही. अडीच सेंटिमीटर वाढलेल्या पोरीची बाही वर जात नाही होय? मी आई आहे तिची." ती परत इस्त्री फिरवू लागली. "म्हटलं, चुकत असेन मीच. ती हसत हसत सुई टोचून घेतेय, ते मी का मोडू?"

माझं डोकं फिरलं. "आणि तिथे गेटवर? परक्या लोकांसमोर तो माणूस दांडी लावेल आणि हिला रांगेतून बाजूला काढेल, तेव्हा काय करणार होतीस?"

"रोज सकाळी उठून तोच विचार करते," ताई म्हणाली. मग मात्र तिला रडू आवरेना.

दाजी चार वाजता आले. हातात मिरचीसाठी आणलेले बर्फातले नवे बूट. मी ती पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पट्टीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, मग पायाखाली.

"बुटांचे तळवे जाड करून घेऊ," ते म्हणाले. "आत दोन सेंटिमीटर भरून घेतलं तर..."

"आणि त्या गाडीचा दांडा तिच्या छातीऐवजी गळ्याला आला तर?" मी ओरडलोच. "नियम काय त्यांनी गंमत म्हणून केलाय? आणखी किती खोटी उंची देणार आहात तिला?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. माणूस सहलीसाठी काढून ठेवलेल्या बॅगेवर बसला. चारशे घरांत लादी बसवली, म्हणाला, आणि माझ्याच घरात हे व्हावं.

सांगायचं कोणी, यावर वाद झाला नाही. रेघ माझी होती.

मिरची शाळेतून आली. मी तिला चौकटीपाशी नेलं, पट्टी दाखवली, टेप तिच्या हातात दिला. गिऱ्हाइकाला देतो तसा. सगळं नीट सांगितलं. ती हुशार आहे, अर्ध्यातच समजली.

"म्हणजे मी वाढलेच नाही?"

"वाढलीस की. तीन मिलिमीटर."

"तीन म्हणजे किती?"

मी खिशातून माझी चपटी पेन्सिल काढली आणि तिचं शिसं दाखवलं. "याच्याएवढं."

तिने शिशावर बोट ठेवलं. रडली नाही, चिडलीसुद्धा नाही. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेली, फ्रिजवरची यादी वाचत उभी राहिली आणि मग आपल्या खोलीत जाऊन बसली.

सात वाजले. इंजेक्शन आणायला कोणी उठलं नाही. शेवटी दाजींनी आणलं. मिरची हाक मारल्यावर आली, खुर्चीत बसली, पण मांडी पुढे केली नाही.

"बाबा, आता कशासाठी?" तिने विचारलं.

खोटं सांगायची सोय राहिली नव्हती आणि खरं डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. दाजींनी इंजेक्शन टेबलावर ठेवलं. आपली हत्यारांची पिशवी उघडली, छिन्नी-हातोडी काढली आणि चौकटीपाशी गुडघे टेकून बसले. ताई म्हणाली, अहो, काय करताय? त्यांनी ऐकलं नाही. पहिला घाव बसला आणि करडी लादी मधोमध तडकली. एवढ्या निगुतीने बसवलेली लादी तो माणूस तुकड्या-तुकड्यांनी काढत होता. खालची फुटकी लादी उघडी पडेपर्यंत थांबला नाही. मग हाताने चुरा झाडला.

"इथे उभी राहा," दाजी म्हणाले. "यापुढे इथूनच मोजायचं. कमी भरलं तर कमी भरलं."

मिरची त्या खड्ड्यात उतरली. मी गुण्या ठेवला. लाल रेघ तिच्या डोक्याच्या वर होती, चांगली दोन सेंटिमीटर. आकडा मोठ्याने वाचला, कारण नेहमी वाचतो.

मग ती स्वतःच खुर्चीत येऊन बसली आणि मांडी पुढे केली. सुई टोचली तशी रडली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा, अगदी पहिल्या दिवसासारखी, हुंदके देऊन. दाजींनी तिला धरून ठेवलं आणि मी या वेळी टीव्ही लावला नाही.

तिचे हुंदके थांबल्यावर मी विचारलं, "जायचं का मग तिकडे? नको असेल तर नको जाऊ या. मीच सगळ्यांना सांगतो."

तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ या," ती म्हणाली. "डोंगरापर्यंत जाऊ या. त्या माणसाला मोजू दे मला. फक्त तो मोजत असेल ना मामा, तेव्हा तुम्ही तिघं दुसरीकडे बघा."

मी हो म्हणालो.