रविवारचा फ्राइड राइस

परदेशातून परत आलेल्या पोराला शिळा भात खायला घालायचा, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. सृष्टीला म्हटलं, "अगं, भाऊ तुझा मरणाच्या दारातून आलाय आणि मी त्याला कालचा भात वाढू? जनाची नाही तर मनाची तरी?" तर कार्टी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "आई, ताज्या भाताचा गोळा होतो. थाय फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा गार भातच लागतो. बघ ना." बघितलं. कढईतून ही एवढी ज्वाळा निघत होती आणि व्हिडिओतली बाई खुशाल हसत होती. म्हटलं, बरं बाई, शिळा तर शिळा. साईच्या पोटात चार घास जाऊ देत, मग मला कोण काय म्हणतं ते बघून घेईन.

साई माझा थोरला. आम्ही सातपूरला राहतो. त्याचे वडील कारखान्यात मशीनवर, शिफ्टची नोकरी. साईने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, दोन-तीन ठिकाणी कामाला लागला, पण कुठे मन रमेना. मग कुठलासा एजंट भेटला. बँकॉकला डेटा एंट्रीचं काम, राहणं-खाणं कंपनीचं. पोरगा विमानात बसला तेव्हा मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते.

कंपनी-बिंपनी काही नव्हती. विमानतळावरूनच गाडीत घातलं, नदी पार करून दुसऱ्याच देशात नेलं, तारांच्या कुंपणात कोंडलं आणि लोकांना फोनवर फसवायच्या कामाला जुंपलं. हे आम्हाला कधी कळलं? सरकारने बाकीच्या पोरांबरोबर त्याला सोडवलं तेव्हा, पोलिसांच्या तोंडून. तोवर आम्ही आपले गाफील. आणि गाफील का नाही राहणार? दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा ना!

व्हिडिओ कधीच नसायचा. म्हणायचा नेट स्लो आहे. मी पहिला प्रश्न एकच विचारायची, जो सगळ्याच आया विचारतात. "जेवलास का?"

"हो आई."

"काय जेवलास?"

"फ्राइड राइस."

"आजपण भातच? अरे, त्यात घालतात तरी काय?"

मग तो सांगायचा. घरी असताना ज्याला ताटात भेंडी आहे की गवार याचा पत्ता नसायचा, तो पोरगा तिकडून एकेक गोष्ट सांगायचा. वर तळलेलं अंडं, कडा कुरकुरीत, मधलं पिवळं तसंच ओलं. भातात कोळंबी. पातीचा कांदा. तुळशीसारखी पानं. कडेने काकडीच्या गोल चकत्या. उजवीकडे लिंबाची फोड. शेजारी वाटीत माशाचं खारं पाणी, त्यात लाल मिरची चिरलेली. मी म्हणायची, "बरं बाबा, पोटभर जेव," आणि फोन ठेवायची. लगेच जिना उतरून खालच्या स्नेहलला सांगायची, आमचा साई काय, रोज कोळंबी खातो! तिचा नवरा वसईचा, तरी तिच्याकडे महिन्यातून एकदा कोळंबी.

खरं कळलं तेव्हा पायाखालची जमीनच सरकली. पण एक गोष्ट मी मनाशी घट्ट धरून ठेवली. मेल्यांनी कोंडलं, राबवलं, पण माझ्या लेकराला उपाशी नाही ठेवलं. साई नाशिकरोडला गाडीतून उतरला तेव्हा शर्ट नुसता खांद्यावर अडकवल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, काळजीनेही माणूस वाळतो.

घरी आला, पण आला असं वाटेचना. भिंतीला पाठ लावून बसायचा. कुणाच्या मोबाइलची रिंग वाजली की दचकायचा. ताट वाढलं की "नंतर जेवतो" म्हणायचा आणि मग केव्हातरी ओट्याशी उभा राहून कोरडी पोळी चावायचा, कुणी आलं की अर्धी खिशात. मी त्याच्या आवडीचं काय काय केलं! मटणाचा रस्सा केला, मांडे मागवले, शेंगोळे केले. सगळं फ्रीजमध्ये जायचं आणि दोन दिवसांनी आमच्याच पोटात.

त्याहून वाईट म्हणजे तो विचारायचा. "आई, पाणी पिऊ का?" "आई, बाथरूमला जाऊ का?" चोवीस वर्षांचा बाप्या! पहिल्यांदा मला हुंदका आला. पण रोज रोज तेच ऐकून माझं डोकं सटकायला लागलं. "अरे, विचारतोस काय? घर तुझं, नळ तुझा, पी ना!" मी ओरडले की तो आणखी आक्रसायचा. मग त्याचे वडील माझ्यावर ओरडायचे. "तू जरा तोंड आवर. पोरगं आधीच भेदरलंय." मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, देवाला नारळ फोडून झाला. डॉक्टरांनी वजन केलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, असंच चालू राहिलं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. त्याला खायला घाला आणि बोलतं करा. अरे, तेच तर करत होते ना मी!

नळीचं ऐकलं आणि माझं काळीज हललं. विचार करकरून मला एकच सापडलं. हा पोरगा तिथून एकाच गोष्टीबद्दल मन लावून बोलला होता. त्या भाताबद्दल. म्हटलं, जिभेला तीच चव लागली असणार, म्हणून आपलं गोड लागत नाही.

सृष्टी म्हणाली, "आई, नको. तिकडचं काहीच नको त्याच्यासमोर."

"तू गप. तुला काय कळतंय पोटचं?"

"अगं पण..."

"रेसिपी काढतेस का मीच करू माझ्या मनाने?"

काढली बिचारीने. पण खरी रेसिपी माझ्या डोक्यातच होती, साईनेच सांगितलेली. शनिवारी कॉलेज रोडच्या मोठ्या दुकानातून माशाच्या पाण्याची, सृष्टी फिश सॉस म्हणते त्याची, बाटली आणली. झाकण उघडलं तर असा भपकारा आला की यांनी शेजारच्या खोलीतून विचारलं, "काय मेलंय का काय कुठं?" तुळशीचा प्रश्न आला. सृष्टी म्हणाली, दारातली दोन पानं टाक. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? अंड्या-कोळंबीत तुळस? मग आठवली पंचवटीतली फुलवाली, नवसाबाई. ती गजऱ्यात घालायला मरवा आणि सब्जा ठेवते. सब्जाच्या पानाला तुळशीसारखाच वास, थोडा बडीशेपेकडे झुकणारा. तिला सांगितलं, भातात घालायचाय. ती म्हणाली, "का वं ताई, भाताला गजरा माळती का काय?" बऱ्याच दिवसांनी मी हसले.

तांदूळ कमी पाण्यात शिजवला, परातीत पसरून पंख्याखाली सुकवला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. रविवारी मोठी लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवली. लसूण-मिरची, मग कोळंबी, मग भात. भात खरोखर सुटा झाला, दाणा न् दाणा वेगळा, मी मनातल्या मनात सृष्टीची माफी मागितली. माशाचं पाणी मात्र चारच थेंब टाकले. जास्त टाकायचा धीर झाला नाही. शेवटी पात आणि सब्जा. वेगळ्या तव्यावर अंडं, कडा कुरकुरीत, पिवळं ओलं. मग साईने सांगितलं होतं तसं ताट लावलं. कडेने काकडी. उजवीकडे लिंबू. शेजारी वाटी. इतकं देखणं ताट माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

हे फर्स्ट शिफ्टला गेले होते. सृष्टी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, नखं खात. मी हाक मारली, "साई, ये रे. इथं टेबलाशी बस. आज ऐकायची नाही मी."

तो आला. खुर्चीच्या टोकाला बसला. मी ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीवर बसले.

साई ताटाकडे बघतच राहिला. त्याने हात लावला नाही. चेहऱ्यावर ना आनंद, ना राग. मग म्हणाला, "इतकं बरोबर कसं जमलं तुला?"

"तूच नाही का सांगायचास फोनवर! सगळं पाठ आहे मला. बघ, लिंबूसुद्धा उजवीकडे ठेवलंय."

"लिंबू बरोबर आहे," तो म्हणाला. "ताट चुकीच्या जागी आहे."

मला काही समजलं नाही. त्याने दोन बोटांनी ताटाची कड धरली आणि ताट टेबलावरून हळूहळू पुढे सरकवलं. माझ्याकडे. अगदी माझ्या पुढ्यात येईपर्यंत सरकवलं. न फिरवता.

"असं असायचं," तो म्हणाला. "तिथे तो बसायचा. आमचा लीडर. रविवारी त्याच्या टेबलासमोर उभं करायचे, फोन स्पीकरवर. शेजारी आपल्याकडचाच एक, हिंदी-मराठी समजणारा. मी काय बोलतो ते ऐकायला. तो जेवत असायचा. तू विचारायचीस काय जेवलास, मला काही सुचायचंच नाही, मग समोर दिसेल ते सांगायचो. लिंबू माझ्या उजवीकडे. त्याच्या डावीकडे."

"म्हणजे तू..."

"टार्गेट झालं नाही की जेवण बंद. माझं कधी व्हायचंच नाही. फोनवर म्हातारी माणसं असायची गं. मला त्यांना फसवता यायचं नाही नीट. मग पाण्यात बिस्किट, कधी नुसता मिठाचा भात. तू म्हणायचीस, आणखी काय घालतात सांग. मला वाटायचं, तू विचारत राहावंस. तेवढा वेळ फोन चालू राहायचा."

सृष्टी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. माझ्या कानात नुसता वारा भरल्यासारखं झालं. दर रविवारी! दर रविवारी मी त्या उपाशी पोराकडून दुसऱ्याच्या ताटाचं वर्णन करून घेतलं, आणि शिवाय जिना उतरून स्नेहलपुढे कोळंबीची फुशारकी मारली. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, पण तो कुठे आणि मी कुठे! हाताशी ताटच होतं. मी उठले, ताट उचललं. म्हटलं, "आग लागो त्या भाताला. गटारात ओतते. तुला पिठलं-भाकरी करते, थांब, आत्ता करते..."

"आई."

त्याने ताटाची दुसरी कड धरली होती. घट्ट.

"सोड रे."

"नको टाकू."

"हे तू खायचं नाहीस. मी खाऊ देणार नाही!"

"मी खाल्लाच नाहीये ना कधी," तो म्हणाला. "नुसता बघितलाय. कसा लागतो तेवढं तरी कळू दे मला."

मी हात सोडला. परत खुर्चीवर बसले. त्याने ताट परत स्वतःकडे ओढलं, अगदी छातीजवळ, आणि त्याच्याभोवती डावा हात असा ठेवला की कुणी काढून घेऊ नये. चमचा उचलला. आणि मग थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "खाऊ का?"

इतके दिवस ह्या प्रश्नावर मी खेकसत आले होते. विचारतोस काय, घर तुझं, ताट तुझं. आज मला खेकसता आलं नाही. तो विचारत होता आणि त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"खा," मी म्हटलं. "खा बाळा. सगळं तुझंच आहे."

त्याने अंडं फोडलं, पिवळं भातात मिसळलं, लिंबू पिळलं. पहिला घास तोंडात घेऊन तो कितीतरी वेळ चावत राहिला, डोळे मिटून. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चमचा थांबला नाही. कोळंबी बाजूला काढून त्याने शेवटी खायला ठेवली, लहानपणी ठेवायचा तशी.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"आणते."

मी उठून ओट्याशी गेले, मिठाची बरणी हातात घेतली आणि तिथेच उभी राहिले. पाठीमागे चमच्याचा आवाज येत होता. पोटभर जेव म्हणायचं होतं मला, शब्द अगदी ओठावर आले होते, पण दर रविवारी फोन ठेवताना मी हेच म्हणत आले होते, आणि आता ते माझ्या तोंडून बाहेर पडेनात.