यशोदेच्या गाडीचं गाऱ्हाणं

पहिली गाडी परशुरामाने दहा मिनिटांत नापास केली, आणि ते अगदी बरोबर होतं.

ती शेजारच्या मंगेशची. मंगेश मुंबईला नोकरीला आणि गाडी गावात. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, तो यायचा, पोरांना घेऊन चार देवळं फिरायचा आणि गाडीवर ताडपत्री टाकून परत जायचा. आठ वर्षांत फक्त अकरा हजार किलोमीटर! तो आकडा वाचून परशुरामाच्या बायकोचा, यशोदेचा, चेहरा फुलला. परशुरामाने मात्र ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, खालच्या पत्र्यावर बोट घासलं आणि तिच्यापुढे धरलं. बोट गंजाने तांबडंलाल झालं होतं.

"ही कमी चाललेली गाडी नाय गो. खाऱ्या वाऱ्यात उभी ऱ्हवान कुजली ती. वायरी पण उंदरांनी कुरतडल्यानी असतीत, बग."

बॉनेट उघडलं तर उंदरांनी काथ्या आणून तिथे चक्क बाळंतपण उरकलेलं. यशोदेने नाक मुरडलं आणि दोघं घरी आली.

दुसरी गाडी रेडी गावातली. बाहेरून चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट. परशुरामाने डिकी उघडली, मानेपर्यंत आत वाकून हुंगलं. "हेतून मासळी न्हेल्यात," तो म्हणाला. मालकाने देवाची शपथ घेतली, मग म्हणाला एक-दोनदा नेली असेल, मग म्हणाला हंगामातच काय ती. बर्फाचं खारं पाणी दोन हंगाम डिकीत ठिबकलं म्हणजे गाडी आतून संपलीच. तीही बाद झाली.

गावात परशुरामाचं कौतुक झालं. बावीस वर्षं त्याने टेम्पोतून आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने डावा डोळा गेला, टेम्पो विकावा लागला, पण एका डोळ्यावरसुद्धा माणूस गाडी कशी पारखतो बघा, असं लोक म्हणू लागले.

तिसरी गाडी सावंतवाडीची. हिच्यात काही म्हणजे काही खोट नव्हती. इंजिन थंड असताना पहिल्या चावीला सुरू झालं, क्लच हलका, कागद चोख. परशुराम तिच्याभोवती तीनदा फिरला, खाली वाकला, वर झाला, आणि शेवटी म्हणाला, "हॉर्न बारीक आसा."

चौथीची सीट त्याला उंच वाटली. पाचवी तर त्याने फोटोवरूनच नाकारली, कारण काय तर पांढऱ्या रंगावर डाग दिसतात.

आता इथे खरं काय ते सांगून टाकायला हवं, नाहीतर हा माणूस नुसताच खडूस वाटेल. परशुरामाचा उजवा डोळाही चालला होता. दिवाळीपासून त्याच्या कडा मिटत आल्या होत्या. समोरचं त्याला नीट दिसे. पेपरातली तारीख वाचता येई, भातातला खडा दिसे, म्हणून कोणाला संशय नव्हता. पण बाजूचं सगळं गेलं होतं. नळीतून बघावं तसं तो जग बघत होता. दाराच्या चौकटीला खांदा आपटला की तो सुताराला शिव्या घाली. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि बजावलं, गाडीला हात लावायचा नाही आणि घरी सांगायचं. थेंब त्याने आणले आणि डोळ्यांच्या कोरडेपणाचे म्हणून फळीवर ठेवले. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

राहून गेलं कसलं, त्याची हिंमतच झाली नाही. यशोदेला वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळाली होती. बारा वर्षं तिने तिथे बसून काजूच्या साली सोलल्या होत्या, आता एक तारखेपासून ती पंचवीस बायकांवर देखरेख करणार होती. पण सगळ्यांच्या आधी पोचून साडेसातला दार तिनेच उघडायचं, आणि गावातली पहिली एसटीच साडेआठची. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग क्लासला गेली, शिकाऊ लायसन्स काढलं, एकवीस दिवस सावंतवाडीच्या रस्त्यांवर घाम गाळला. पक्कं लायसन्स मिळेपर्यंत शेजारी लायसन्सवालं माणूस हवं, तर परशुरामच छातीवर हात मारून म्हणाला होता, "मी बसतलंय तुझ्या बाजूक. तू काय्येक काळजी करू नको."

तेव्हा तो खोटं बोलला नव्हता. तेव्हा उजवा डोळा धड होता. नंतर मात्र ते वाक्य गळ्यात पडलं. बाजूला बसायचंही गेलं तर आपण उरलो कशाला, अंगणात वाळत घातलेल्या काजूंवरचे कावळे हाकलायला? हा विचार त्याला सुखाने बसू देत नव्हता. तो अंगणात येरझाऱ्या घाली, विहिरीपर्यंत जाऊन पाणी न काढताच परत येई, जेवता जेवता उठून उगाच फाटक बघून येई. गाडीच आली नाही तर बाजूला बसायची वेळच येणार नाही, इतका साधा हिशोब त्याने मांडला होता. यशोदेच्या नोकरीचं काय, हा प्रश्न आला की तो पुन्हा विहिरीकडे निघे.

पण यशोदा काही त्याच्या होकारासाठी जन्मभर थांबणार नव्हती. वेंगुर्ल्याच्या निवृत्त नर्स दीपिकाबाई आपली छोटी लाल गाडी विकायला काढताहेत असं कळलं, तशी ती गावातल्या गॅरेजवाल्या सुशांतला आणि नवऱ्याला घेऊन थेट त्यांच्या दारात उभी राहिली. सुशांतने गाडीखाली आडवं पडून सगळा पत्रा टॉर्चने पाहिला. टायरांवरची तारीख वाचली, सर्व्हिसच्या पावत्या चाळल्या, विमा बघितला. परशुरामाने बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गार होतं, म्हणजे आधी गरम करून ठेवण्याची लबाडी नव्हती. यशोदा सीटवर बसली, सीट पुढे ओढली, क्लच चार वेळा दाबला आणि चारी बाजूंना मान वळवून बघितलं.

"माका सगळा दिसता हेतून," ती म्हणाली. "हीच घेवया."

"जुनी आसा," परशुराम म्हणाला.

"मगे मीया काय नवीन आसंय?"

दीपिकाबाई मोठ्याने हसल्या आणि सुशांतने हसू लपवायला तोंड फिरवलं. व्यवहार झाला. आठ दिवसांत कागद नावावर झाले, आणि एका दुपारी पुढे-मागे लाल 'एल' लावून यशोदा गाडी घरी आणायला निघाली. परशुराम डावीकडच्या सीटवर बसला.

वेंगुर्ल्याच्या गर्दीतून तिने गाडी सुरेख काढली. तो समोर बघून "हळू", "आता तिसरो गिअर टाक" म्हणत राहिला आणि त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. जमेल, त्याला वाटलं, असंच निभावून नेता येईल. मग आतला रस्ता रेडीच्या मोठ्या रस्त्याला मिळतो ती तिकटी आली. खनिजाचे डंपर याच रस्त्याने बंदराकडे जातात. डावीकडे कुंपणाच्या माडांमुळे तिला नीट दिसेना.

"डावीकडसून काय येता?" तिने विचारलं.

परशुरामाने मान वळवली. त्याच्या नळीत एक माड आला, एक पाटी आली आणि रिकाम्या डांबराचा तुकडा आला.

"जा," तो म्हणाला.

हॉर्न इतका जवळून वाजला की त्याला वाटलं तो गाडीच्या आतच वाजतोय. यशोदेने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. डंपर समोरून हातभर अंतरावरून गेला, ड्रायव्हरने आईबहिणीवरून उद्धार केला, आणि लाल धुळीने काच भरली. यशोदेने हँडब्रेक ओढला.

"तुमी जा म्हटल्यात, तेवा रस्तो मोकळो होतो," ती म्हणाली. "माकाच क्लच सोडूक उशीर झालो. मीच चुकलंय."

नाही म्हणायची ती वेळ होती. परशुरामाच्या तोंडापर्यंत शब्द आलेही होते. पण तो म्हणाला, "होता तसा. शिकताना होता."

त्या दिवशी सुशांतला फोन करून बोलवावं लागलं, गाडी त्याने घरी आणली. नंतरचे चार दिवस यशोदेने चावीला हात लावला नाही. विहिरीवर जाताना ती गाडीला वळसा घालून जाई. झाडताना हात मध्येच थांबे आणि ती म्हणे, "माका दिसलोच कसो नाय तो?" कारखान्यात नकार कळवावा, पुन्हा साली सोलायला बसावं, असं तिसऱ्या दिवशी तिने ठरवलंही. एक तारीख पाच दिवसांवर होती. परशुरामाला जेवण जाईना. रोज सकाळी तो मनाशी म्हणे, आज सांगतो. आणि रोज विहिरीच्या फेऱ्या वाढत.

शेवटी शेजारच्या तुळसा काकीने निदान केलं. "गे बाये, गाडी हाडलास आणि देवाक नारळ दिलास नाय! वाटेत इघ्न येतला नाय तर काय जातला?" यशोदेला ते तंतोतंत पटलं. खरंच, वेंगुर्ल्याहून निघताना घाईत ग्रामदैवत रवळनाथाची आठवणच राहिली नव्हती. परशुरामालाही ते पटलं, नव्हे, त्याने ते दोन्ही हातांनी कवटाळलं. देवाचा नारळ राहिला म्हणून झालं, आपल्यामुळे नव्हे! त्या दिवशी तो चार घास जास्त जेवला.

रविवारी सकाळी सुशांतने गाडी देवळासमोर आणून उभी केली. तुळसा काकी आली, वाडीतली पाच-सहा माणसं आली. सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायला भाई गावकर होते, पंचाहत्तरीचे, पण आवाज अजून खणखणीत. देवाला काय सांगायचं ते यशोदेने त्यांना आधी बाजूला नेऊन सांगितलं. मग देवळात भाईंनी नारळ हातात घेतला, सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा, परशुराम आणि यशोदा, तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंनी गाडी हाडल्यानी, पण आदी तुका सांगूक इसरली."

"व्हय म्हाराजा!" परशुराम सगळ्यांबरोबर म्हणाला.

"बाई नवीन आसा. तिकटीर परशुरामान, तिच्या घोवान, रस्तो बघून तिका जा म्हटल्यान, पण हिचो पाय चुकलो, हिची नजर चुकली. ती चूक तू पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाकी सगळे म्हणाले. यशोदाही म्हणाली, मान खाली घालून, अपराध्यासारखी. घरच्या पुरुषाचा आवाज मात्र आला नाही. ज्याचं गाऱ्हाणं त्याने हुंकार भरल्याशिवाय ते पुढे जात नाही. भाई थांबले.

"परशुरामा, व्हय म्हण."

परशुरामाच्या पायाखालची फरशी गार होती. त्याने समोर बघितलं. समोरचं त्याला नेहमीप्रमाणे स्वच्छ दिसत होतं. माणसांशी कसंबसं निभावलं होतं, पण इथे उभं राहून, तिच्या नावावर? त्याला ते होईना.

"नाय म्हाराजा," तो म्हणाला.

भाईंनी आयुष्यात शेकड्याने गाऱ्हाणी घातली होती, नाही म्हणणारा माणूस त्यांना आज भेटला. तुळसा काकीने कपाळावर हात मारला.

"ती चुकूक नाय," परशुरामाचा आवाज फाटला. "रस्तो मोकळो नव्हतोच. डंपर येय होतो, माका तो दिसूक नाय. माका बाजूचा कायच दिसणा नाय. उजव्या डोळ्यान पण नाय. दिवाळेपासून."

यशोदा त्याच्याकडे वळली. "ते थेंब?" तिने विचारलं.

"तेचेच."

भाईंनी घसा खाकरला. मध्ये मोडलेलं गाऱ्हाणं तसंच पुढे नेता येत नाही, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी बाईची चूक वगळून नवऱ्याची सांगितली. परशुराम सर्वांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

नारळ फुटला. यशोदेने सुशांतकडे हात पुढे करून चावी मागितली. परशुराम सवयीने डावीकडच्या दाराकडे वळला, तशी ती म्हणाली, "थंय सुशांत बसतलो. तुमी मागे बसा. उद्या तुमका डॉक्टरकडे मीच न्हेतलंय."

"यशोदा, तू रागावलंस," तो म्हणाला.

तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"डोळे ग्येले हेचो माका राग नाय," ती म्हणाली. "डोळे काय, माझे आसत. पण चार दिवस माका माझ्याच डोळ्यांचो भरवसो नाय होतो. आणि तुमी समोर बसान ता बघीत होतास. ता तुमका दिसत होता."

परशुरामाने चाचपडत मागचं दार उघडलं आणि तो आत बसला.